जुन्या पॉवर अ‍ॅम्प्लिफायरची घरघर : आधी ऐका, मग उघडा

दोन नवेकोरे, चकचकीत फिल्टर कपॅसिटर (विजेतले चढउतार सपाट करणारे) बसवलेला एक ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर माझ्या टेबलावर आला होता. सत्तरच्या दशकातला, जड, लाकडी खोक्यातला. आधीच्या दुरुस्तीत घरघर थांबावी म्हणून कपॅसिटर बदलले होते, आणि घरघर होती तशीच होती. इनपुट सॉकेटची बाहेरची कडी आणि चासी (धातूचा सांगाडा) यांच्यामध्ये मल्टिमीटर लावला, तर आकडा एका जागी थांबेना. कधी ४ ओहम, कधी ४०, केबल जरा हलवली की २००. सॉकेटच्या पट्टीची ग्राउंड वायर ज्या टॅगला जोडली होती, तो टॅग एका स्क्रूखाली दाबलेला होता. स्क्रू सोडवल्यावर टॅगखाली पिठासारखी पांढरट भुकटी दिसली. टॅग आणि चासीचा पत्रा पॉलिश पेपरने घासून उजळ केला, दातेरी वॉशर नवा घातला, स्क्रू घट्ट पिळला. घरघर गेली.

जुन्या अ‍ॅम्पमध्ये गुणगुण ऐकू आली की ‘कपॅसिटर गेले’ म्हणून मोकळं व्हायची सवय आपल्यातल्या बऱ्याच जणांना असते. अनेकदा ते खरंही निघतं. पण घरघर हे एकाच आजाराचं लक्षण नाही. तिची कारणं निदान आठ-दहा आहेत, आणि त्यातली निम्मी तरी कोणताही भाग न बदलता बरी होतात. म्हणून या लेखातला क्रम असा आहे की सोल्डरिंग आयर्न शेवटी तापवायचं. त्याआधी कान, मल्टिमीटर आणि एक साधा पिवळा बल्ब.

झाकण काढण्यापूर्वी

हा भाग वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. प्लग काढला म्हणजे अ‍ॅम्प निर्धोक झाला असं होत नाही. १०,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ५० व्होल्टला भरलेला असेल तर त्यात साडेबारा ज्यूल ऊर्जा असते. स्क्रूड्रायव्हर आडवा पडला तर टोक वितळतं आणि ठिणगी डोळ्यात जाऊ शकते. व्हॉल्व्हच्या (काचेच्या निर्वात नळ्यांच्या) अ‍ॅम्पमध्ये हेच व्होल्टेज ४०० ते ५०० असतं आणि तो धक्का जीवघेणा आहे.

कपॅसिटर रिकामा करायचा तो रेझिस्टरमधून. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पसाठी ४७० ओहम १० वॅट, व्हॉल्व्हसाठी १० किलोओहम १० वॅट. दोन्ही टोकांना इन्सुलेट केलेले क्लिप लावून ठेवा. अर्धा मिनिट धरा, मग मल्टिमीटरने प्रत्येक मोठ्या कपॅसिटरवर व्होल्टेज मोजा आणि २ व्होल्टच्या खाली आल्याची खात्री करा. चालू अ‍ॅम्पमध्ये मोजमाप करताना काळी पिन चासीला क्लिपने लावून टाकायची आणि लाल पिन एकाच हाताने धरायची. दुसरा हात खिशात किंवा पाठीमागे. ही शिस्त मी कधीच मोडत नाही.

दुसरी तयारी बल्बची. ६० किंवा १०० वॅटचा तारेचा जुना बल्ब (एलईडी चालत नाही) अ‍ॅम्पच्या लाइव्ह वायरमध्ये सिरीजमध्ये जोडलेला बोर्ड करून ठेवा. अ‍ॅम्प चालू केल्यावर बल्ब क्षणभर उजळून मंद झाला, तर ठीक. भगभगीत पेटत राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे आणि घरघरीचा विचार नंतर करायचा. ज्या अ‍ॅम्पचा इतिहास माहीत नाही तो मी बल्बशिवाय कधीच चालू करत नाही.

तपासणीसाठी चांगले स्पीकर लावू नका. एखादा जुना, गेला तरी चालेल असा स्पीकर घ्या आणि त्याआधी आउटपुटवर डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर जोडा. व्होल्टमध्ये असेल तर जोडू नका. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचं मात्र उलट आहे. तो स्पीकर किंवा ८ ओहमचा लोड न जोडता कधीही चालवायचा नाही, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

पहिला प्रश्न : आवाज खोक्यातून की स्पीकरमधून?

हसण्यावारी नेऊ नका, कारण इथेच अर्धे लोक चुकतात. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पच्या स्पीकरच्या वायरी काढा आणि अ‍ॅम्प चालू करून कान खोक्याजवळ न्या. आवाज तसाच असेल तर तो ट्रान्सफॉर्मरचा स्वतःचा, म्हणजे यांत्रिक आवाज आहे. जगातले सगळे कपॅसिटर बदलले तरी तो थांबणार नाही. स्पीकर काढल्यावर शांतता झाली तर दोष विजेच्या मार्गात आहे. दोन्ही एकदम असतील तर दोन्ही नोंदवा. एकाच कारणाने दोन्ही आवाज येतात अशी एक गंमतशीर शक्यता आहे, ती पुढे येईलच.

दुसरा प्रश्न : आवाज कसा आहे?

विजेची वारंवारता ५० हर्ट्झ धरून लिहितो. जिथे ६० आहे तिथे आकडे त्याच प्रमाणात वाढवा.

गोल, खोल, पोटातून आल्यासारखा ‘हुंऽऽ’ म्हणजे ५० हर्ट्झ. तो बहुतेक वेळा बाहेरून शिरलेला असतो: शील्ड (बाहेरची धातूची जाळी) तुटलेली केबल, ग्राउंड लूप (तो पुढे येईल), ट्रान्सफॉर्मरजवळून गेलेली सिग्नल वायर, व्हॉल्व्ह तापवणाऱ्या हीटरची वीज. त्याहून वरचा, जरा कडक असलेला आवाज १०० हर्ट्झचा. ब्रिज रेक्टिफायर (एसीची डीसी करणारे चार डायोड) एका सायकलमध्ये दोनदा कपॅसिटर भरतो, म्हणून पॉवर सप्लायमधला रिपल, म्हणजे डीसीवर उरलेली लहर, १०० हर्ट्झचा असतो. आणि भुंगा काचेवर आपटावा तसा भर्रर्र, टोकदार आवाज आला तर त्यात वरच्या अनेक वारंवारता मिसळलेल्या आहेत. हे रेक्टिफायरच्या करंटचे ठोके ग्राउंडमध्ये शिरल्याचं किंवा जवळच्या दिव्याच्या डिमरचं लक्षण.

कानावर भरवसा नसेल तर मोबाइलवर ध्वनीचा स्पेक्ट्रम दाखवणारं एखादं अ‍ॅप घ्या आणि फोन वूफरसमोर धरा. फोनचा माइक ५० हर्ट्झला कमजोर असतो, पण १००, १५०, २०० चे सुळके स्पष्ट दिसतात.

ट्रान्सफॉर्मर स्वतः बोलत असेल तर

चुंबकीकरण होताना लोखंडी गाभ्याची लांबी अगदी सूक्ष्म बदलते, प्रत्येक सायकलला दोनदा. त्यामुळे प्रत्येक ट्रान्सफॉर्मर थोडा तरी १०० हर्ट्झला गुणगुणतो. एक हात अंतरावरून शांत खोलीत ऐकू आला नाही तर तो निरोगी समजायचा. त्याहून मोठा आवाज असेल तर पुढच्या पायऱ्या याच क्रमाने घ्या.

आधी झाकण आणि तळाचा पत्रा तपासा. अ‍ॅम्प चालू असताना तळहाताने लाकडी खोकं, वरची जाळी, मागची पट्टी एकेक करून दाबा. दाबल्यावर आवाज बदलला तर ट्रान्सफॉर्मर निर्दोष आहे, पत्रा वाजतोय. एक स्क्रू घट्ट केला, एक रबरी वॉशर घातला की काम झालं.

मग भिंतीतलं व्होल्टेज मोजा आणि अ‍ॅम्पच्या मागे काय लिहिलंय ते बघा. गाभ्यातलं चुंबकत्व व्होल्टेज भागिले वारंवारता या प्रमाणात वाढतं. २२० व्होल्टसाठी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर २४५ वर चालवला तर ते ११ टक्के वाढतं, आणि काटेकोर बनवलेला गाभा संपृक्ततेच्या (आणखी चुंबकत्व न मावण्याच्या) उंबरठ्यावर जातो. तिथून पुढे आवाज आणि उष्णता दोन्ही झपाट्याने वाढतात. फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर चालवला तर हीच वाढ २० टक्के होते. परदेशातून आणलेल्या अ‍ॅम्पच्या घरघरीचं हे नेहमीचं मूळ. व्होल्टेजचा सिलेक्टर असेल तर तो २४० वर फिरवा. अर्थात प्लग काढून, आणि नंतर आतली व्होल्टेज पुन्हा मोजून.

आवाज दिवसातून कधी येतो आणि कधी नाही, असं आहे का? मग भिंतीतल्या विजेवर डीसीचा अंश असण्याची दाट शक्यता. केस वाळवायचं यंत्र किंवा हीट गन अर्ध्या वेगावर चालते तेव्हा त्यातल्या काहींमध्ये एक डायोड मध्ये येतो आणि यंत्र सायकलचा एकच अर्धा भाग खातं. त्याने दोन्ही अर्धे असमान होतात. टोरॉइडल, म्हणजे गोल कड्यासारख्या ट्रान्सफॉर्मरला हे अजिबात सोसत नाही. मोठ्या टोरॉइडच्या प्रायमरीचा, म्हणजे भिंतीतल्या विजेकडच्या गुंडाळीचा, रोध एखाद-दोन ओहमच असतो. अर्धा व्होल्ट डीसी आला तरी पाव ते अर्धा अँपिअर डीसी वाहतो, जिथे त्याचा नेहमीचा चुंबकीकरणाचा करंट काही दहा मिलिअँपिअर असतो. गाभा एका बाजूला ढकलला जातो आणि ट्रान्सफॉर्मर म्हशीसारखा हंबरतो. खात्री करायची तर ते यंत्र अर्ध्या वेगावर चालू-बंद करून बघा. उपाय म्हणजे डीसी ब्लॉकर: १०,००० मायक्रोफॅरड किंवा मोठे दोन कपॅसिटर ऋण टोकाला ऋण टोक जोडून लाइव्ह वायरमध्ये सिरीजमध्ये, आणि त्यांच्या संरक्षणासाठी समांतर एक दणकट ब्रिज, ज्याची धन-ऋण टोकं एकमेकांना जोडलेली. हे सगळं थेट विजेवर असतं, म्हणून बंद इन्सुलेटेड डबीत, फ्यूजनंतर. विजेच्या थेट कामाचा सराव नसेल तर जाणकाराकडून करून घ्या.

आता सगळ्यात उपयोगी चाचणी. प्लग काढा, कपॅसिटर रिकामे करा, ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीच्या (अ‍ॅम्पकडच्या गुंडाळीच्या) सगळ्या वायरी कुठे होत्या त्याचे फोटो काढून त्या सोडवा आणि एकेक टोक वेगवेगळं टेपने झाका. बल्बमधून वीज द्या. आता ट्रान्सफॉर्मरवर काहीच भार नाही. बल्ब विझलेला किंवा जेमतेम लालसर, आणि आवाज गायब? मग ट्रान्सफॉर्मर चांगला आहे, पुढचा भार त्याला रडवतोय: आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट, बायस (संगीत नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरमधून वाहणारा करंट) फार चढलेला, किंवा ब्रिजमधला एक डायोड गेलेला. बल्ब चांगला पेटला आणि ट्रान्सफॉर्मर तापू लागला तर आत वेढे शॉर्ट झालेत. त्यावर रिवाइंडिंगशिवाय इलाज नाही. बल्ब मंद असेल पण बल्ब काढून पूर्ण व्होल्टेज दिल्यावर आवाज येत असेल, तर गाभा सैल आहे किंवा वीज खराब आहे.

ब्रिजमधला एक डायोड उघडा पडला की काय होतं ते लक्षात ठेवा. एका रेलला (सप्लायच्या धन किंवा ऋण बाजूला) अर्धीच सायकल मिळते, तिचा रिपल ५० हर्ट्झचा होतो आणि स्पीकर हुंकारतो. त्याच वेळी सेकंडरीतून असमान करंट गेल्याने ट्रान्सफॉर्मरही खोक्यात घुमतो. एका डायोडपायी दोन घरघरी, त्या मी वर म्हणालो त्या ह्याच.

सैल गाभ्याचा इलाज सोपा आणि अवघडही. चौकोनी, पट्ट्यांच्या ट्रान्सफॉर्मरचे चार बोल्ट वीज बंद करून, समोरासमोरच्या जोड्यांनी थोडे थोडे घट्ट करा. त्या बोल्टवर फायबरचे वॉशर आणि नळ्या असतात. त्या फेकू नका. त्या नसल्या तर बोल्ट आणि पट्ट्या मिळून गाभ्याभोवती एक शॉर्ट वेढा होऊ शकतो. टोरॉइडच्या मधल्या बोल्टचंही तसंच: त्याचं वरचं टोक धातूच्या झाकणाला आणि खालचं चासीला टेकलं की तो एक शॉर्ट वेढाच झाला, आणि ट्रान्सफॉर्मर काही मिनिटांत धूर काढेल. बोल्ट आवळूनही पट्ट्या वाजत असतील तर ट्रान्सफॉर्मर काढून वाइंडिंगच्या कारखान्यात व्हॅक्यूममध्ये वॉर्निशात बुडवून भट्टीत वाळवून घ्यावा. वरून ब्रशने वॉर्निश फासलेले बरेच ट्रान्सफॉर्मर पाहिले; ते आत झिरपत नाही, आणि आठवड्याने आवाज परत येतो. ट्रान्सफॉर्मर आणि चासी यांच्यामध्ये रबरी बुश घालणं मात्र करून बघाच. चासीचा पत्रा तबल्याच्या पुडीसारखा आवाज वाढवतो. तो वेगळा केला की उरलेली गुणगुण बरीच दबते. फक्त रबर घातल्यावर ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याचं अर्थिंग वायरने पुन्हा जोडायला विसरू नका.

स्पीकरमधून येत असेल तर : एकेक करून वजा करत जा

अ‍ॅम्पला जोडलेलं सगळं काढून टाका. टर्नटेबल, कॅसेट डेक, टीव्ही, ट्यूनरची अँटेना, सगळं. फक्त अ‍ॅम्प आणि स्पीकर. घरघर थांबली तर दोष अ‍ॅम्पमध्ये नाही, जोडणीत आहे. एकेक उपकरण परत जोडा. ज्याने घरघर परत येते तो गुन्हेगार.

बहुतेकदा तो ग्राउंड लूप निघतो. अ‍ॅम्प अर्थिंगला जोडलेला, दुसरं उपकरणही जोडलेलं, आणि दोघांना सिग्नल केबलची शील्ड जोडते. असा एक मोठा वेढा तयार होतो आणि आसपासचं चुंबकीय क्षेत्र त्यात करंट वाहवतं. केबल टीव्हीची वायर हे याचं जुनं घर. सगळी उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावा, सिग्नल केबल आखूड आणि एकत्र ठेवा. तरीही राहिली तर सिग्नलच्या वाटेत चांगला ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका. प्लगची अर्थ पिन तोडून किंवा टेप लावून लूप तोडण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. आतलं इन्सुलेशन गेलं त्या दिवशी अख्खी चासी लाइव्ह होईल.

दोन पिनांच्या जुन्या अ‍ॅम्पमध्ये प्लग उलटा करून बघण्याची युक्ती मात्र रास्त आहे. प्रायमरीतून चासीकडे थोडी गळती नेहमीच असते आणि ती प्लगच्या दिशेवर अवलंबून असते. सगळ्या केबल काढून, चासी आणि अर्थिंग यांच्यामध्ये मल्टिमीटर एसीवर लावा, प्लग दोन्ही दिशांनी लावून आकडे बघा. जो कमी, ती दिशा. प्लगवर खूण करून ठेवा.

टर्नटेबलचा वेगळा विचार करायला हवा. मॅग्नेटिक कार्ट्रिजचा (सुई धरणाऱ्या भागाचा) सिग्नल अवघा २ ते ५ मिलिव्होल्ट असतो, आणि फोनो स्टेज (टर्नटेबलचा सिग्नल वाढवणारा अ‍ॅम्पचा भाग) ५० हर्ट्झला १ किलोहर्ट्झपेक्षा १७ डेसिबेल, म्हणजे सुमारे सातपट जास्त वाढवते. घरघरीसाठी यापेक्षा सोयीची जागा नाही. टर्नटेबलची बारीक ग्राउंड वायर अ‍ॅम्पच्या मागच्या स्क्रूला लागली आहे ना ते आधी बघा. मग टोनआर्म हाताने हळूच रेकॉर्डच्या आतल्या बाजूला न्या. जसजशी पुढे जाईल तसतसा आवाज बदलला तर कार्ट्रिज जवळच्या ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र पकडतंय. टर्नटेबल अ‍ॅम्पवर किंवा शेजारी ठेवलेलं असेल तर अर्धा-पाऊण मीटर दूर करा.

सगळं काढूनही घरघर उरली तर आता ती खरोखर अ‍ॅम्पची. इनपुटमध्ये शॉर्टिंग प्लग घाला, म्हणजे मधली पिन आणि बाहेरची कडी आतून जोडलेला आरसीए प्लग. उघडं इनपुट अँटेनासारखं वागतं, त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा निघतो. मग व्हॉल्यूम शून्यापासून पूर्णपर्यंत फिरवा.

आवाज मुळीच बदलत नसेल तर दोष व्हॉल्यूमच्या नंतर: पॉवर अ‍ॅम्पचा भाग, त्याचं ग्राउंड किंवा मुख्य सप्लाय. आवाज व्हॉल्यूमबरोबर वाढत जात असेल तर दोष आधीच्या टप्प्यात. आणि मध्याच्या आसपास सर्वांत मोठा, दोन्ही टोकांना कमी असेल, तर पॉट (व्हॉल्यूमचा फिरता रेझिस्टर) आणि त्याच्या वायरी दोषी. १०० किलोओहमचा पॉट मध्यावर असताना पुढच्या टप्प्याला मागे २५ किलोओहमचा रोध दिसतो, तोच सर्वांत जास्त, आणि म्हणून तिथेच तो आसपासची वीज सर्वांत सहज पकडतो. पॉटचं धातूचं अंग चासीला जोडलंय का आणि त्याच्या वायरीची शील्ड तुटली नाही ना, हे बघायचं.

मागे प्री-आउट आणि मेन-इन सॉकेटांमध्ये इंग्रजी यू आकाराचे धातूचे जंपर असतील तर तुमचं नशीब चांगलं. ते काढा, मेन-इनमध्ये शॉर्टिंग प्लग घाला. शांत झाला तर प्रीअ‍ॅम्प (पॉवर अ‍ॅम्पच्या आधीचा भाग) दोषी, नाही तर पॉवर अ‍ॅम्प. हे जंपर काळे पडले असतील तर आधी तेच घासून स्वच्छ करा. त्यांच्या खराब संपर्काने घरघर येते.

एकाच चॅनलला आहे की दोन्हींना, हेही टिपा. दोन्हींना सारखी म्हणजे सामाईक सप्लाय. एकालाच म्हणजे त्या चॅनलचा बोर्ड, त्याचं ग्राउंड, त्याची वायर.

पॉवर सप्लाय मोजताना

आता कपॅसिटरची पाळी. मल्टिमीटर डीसीवर ठेवून धन आणि ऋण रेल मोजा. दोन्ही जवळपास सारख्या हव्यात. मग तोच मल्टिमीटर एसीवर घेऊन तिथेच रिपल मोजा. काही मीटर एसीवरही डीसी आकड्यात मिसळतात. तसं दिसलं तर लाल पिनच्या मध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा, पुरेशा व्होल्टेजचा फिल्म कपॅसिटर घाला.

किती रिपल बरोबर, याचा साधा हिशेब आहे: करंट भागिले (१०० गुणिले कपॅसिटी). १०,००० मायक्रोफॅरडवर १ अँपिअर ओढला तर टोकापासून टोकापर्यंत सुमारे १ व्होल्ट. संगीत बंद असताना अ‍ॅम्प एका रेलवर १०० मिलिअँपिअर ओढत असेल तर ०.१ व्होल्ट, मीटरवर अंदाजे ३० मिलिव्होल्ट. तिथे ३००-४०० मिलिव्होल्ट दिसले तर कपॅसिटर सुकलेत, किंवा अ‍ॅम्प नको तेवढा करंट ओढतोय. यातलं कोणतं ते बायस मोजून ठरवा. एका रेलवर ३० आणि दुसरीवर ६०-७० असेल तर त्या रेलचा कपॅसिटर किंवा डायोड. कपॅसिटर फुगला नाही, गळला नाही, म्हणून चांगला असं समजू नका. आतला द्रव सुकला तरी बाहेरून तो नव्यासारखा दिसतो.

बदलायचे ठरले तर व्होल्टेज मूळचं किंवा जास्त, तापमान १०५ अंशांचं, आणि कपॅसिटी मूळच्या दीडपटीच्या आत. दुप्पट-तिप्पट मोठे घालण्याचा मोह टाळा. कपॅसिटर मोठा झाला की तो भरण्याचे ठोके आखूड आणि उंच होतात. ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो, जास्त वाजतो, आणि भुंग्यासारखा आवाज ग्राउंडमध्ये शिरायला वाव मिळतो. जुन्यावरच नवा समांतर सोल्डर करून ठेवणं तर अजिबात नको. सुकलेला जुना कपॅसिटर पुढेमागे शॉर्ट होऊ शकतो.

मुख्य कपॅसिटरच्या आधी छोट्यांकडे बघा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. प्रीअ‍ॅम्पच्या सप्लायमधले ४७ ते २२० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर बहुधा गरम रेझिस्टरच्या कुशीत बसलेले असतात. ते आधी सुकतात, आणि तिथला थोडा रिपलही पुढे अनेक पटींनी वाढतो. त्याच बोर्डवर झेनर डायोड आणि रेग्युलेटर ट्रान्झिस्टरच्या पायांभोवतीचं सोल्डर भिंगातून तपासा. पायाभोवती केसासारखी गोल चीर दिसली तर नवं सोल्डर द्या.

ग्राउंडची वाट

कपॅसिटर बदलल्यावर घरघर जाऊन भर्रर्र आवाज आला, ही तक्रार मी स्वतः अनुभवली आहे. दोन फिल्टर कपॅसिटरांच्या मधल्या जाड पट्टीवर ट्रान्सफॉर्मरची मधली वायर येते. मी काम सोपं व्हावं म्हणून इनपुट बोर्डची ग्राउंड वायर त्याच पट्टीवर, मिळेल त्या जागी सोल्डर केली होती. पण त्या पट्टीतून कपॅसिटर भरण्याचे ठोके धावतात. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या १० सेंटिमीटर तांब्याच्या तारेचा रोध सुमारे १.७ मिलिओहम. त्यातून ५ अँपिअरचा ठोका गेला की ८.५ मिलिव्होल्ट, आणि अ‍ॅम्पने तो तीसपट केला की स्पीकरवर पाव व्होल्ट. पट्टीच्या मध्यातून एक जाड वायर थोडी दूर एका बिंदूवर आणली, आणि स्पीकरच्या परतीच्या वायरी, बोर्डांची ग्राउंडं, चासी ही सगळी त्या बिंदूवर जोडली. भुंगा तिथेच बंद झाला. म्हणून मूळ वायर सोडवण्यापूर्वी ती कुठे होती याचा फोटो काढाच. कारखान्याने ती जागा विचार करून निवडलेली असते.

चासीला स्क्रूने ग्राउंड झालेले बोर्ड असतील तर प्रत्येक स्क्रू सोडवून, घासून, पुन्हा घट्ट करा. इनपुट सॉकेटची कडी आणि चासी यांच्यात जवळपास शून्य ओहम हवेत. काही डिझाइनमध्ये तिथे मुद्दाम १० ओहमचा रेझिस्टर असतो, त्यामुळे १० दिसले तरी ठीक. तो रेझिस्टर जळून उघडा पडला असेल तर मीटर किलोओहम दाखवेल आणि अ‍ॅम्प जोरात हुंकारेल. बदलायला एक मिनिट लागतं.

सिग्नलच्या वायरी ट्रान्सफॉर्मर आणि त्याच्या एसी वायरींपासून दूर आहेत का तेही बघा. समांतर जात असतील तर काटकोनात ओलांडू द्या. लाकडाच्या काडीने वायरी इकडेतिकडे सरकवत ऐकलं की दोषी वायर लगेच कळते. टोरॉइड असेल तर बोल्ट जरा सैल करून (वीज बंद असताना) दहा-पंधरा अंश फिरवा आणि पुन्हा ऐका. एका विशिष्ट कोनात घरघर लक्षात येण्याइतकी कमी होते.

व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पसाठी वेगळं

इथे हीटरची ६.३ व्होल्ट एसी वीज हा नेहमीचा संशयित. तिचा मध्य ग्राउंडला बांधलेला असावा लागतो: ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टॅपने, किंवा दोन्ही वायरींपासून ग्राउंडला एकेक १०० ओहमचा रेझिस्टर लावून. आउटपुट व्हॉल्व्ह आत शॉर्ट झाला की हे बिचारे रेझिस्टर पहिले जळतात. व्हॉल्व्ह नवा येतो, रेझिस्टर तसेच राहतात, आणि अ‍ॅम्प ५० हर्ट्झला घुमू लागतो. घुमणारा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प आला की मी पहिले तेच मोजतो. समतोल साधायचा छोटा पॉट असेल तर तो फिरवून आवाज किमान होईल तिथे ठेवा. हीटरच्या वायरी घट्ट पिळलेल्या आणि चासीच्या कोपऱ्याला चिकटून हव्यात.

पुश-पुल (आउटपुट व्हॉल्व्ह जोडीने, उलट दिशांनी काम करतात अशा) अ‍ॅम्पमध्ये दोन्ही आउटपुट व्हॉल्व्हचे करंट सारखे असतील तरच सप्लायचा रिपल आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये एकमेकांना खोडतो. एक ४० मिलिअँपिअर आणि दुसरा २५ असेल तर घरघर येणारच. जोडी जुळवा किंवा बायस जुळवा. कोणता टप्पा दोषी ते कळायला, अ‍ॅम्प बंद करून पहिला छोटा व्हॉल्व्ह काढा आणि पुन्हा चालू करा; घरघर थांबली तर दोष त्या टप्प्यात किंवा त्याच्या आधी. हीटर सिरीजमध्ये असतील तर मात्र हे जमत नाही. रेक्टिफायर व्हॉल्व्ह असेल तर पहिला फिल्टर कपॅसिटर वाढवू नका. जीझेड ३४ या रेक्टिफायर व्हॉल्व्हला ६० मायक्रोफॅरडपर्यंतच परवानगी आहे, त्याहून जुन्या कित्येक व्हॉल्व्हना बरीच कमी.

कुठे थांबायचं

८ ओहमचा लोड लावून, इनपुट शॉर्ट करून आउटपुटवर एसी मोजा. २.८३ व्होल्टला ९० डेसिबेल देणाऱ्या स्पीकरला १ मिलिव्होल्ट दिला तर एक मीटरवर सुमारे २१ डेसिबेल होतात, आणि ५० हर्ट्झला कान इतका मंद असतो की ते ऐकू येणार नाही. १० मिलिव्होल्ट म्हणजे ४१ डेसिबेल. १०० हर्ट्झचा असेल तर रात्री नक्की ऐकू येईल. जुन्या अ‍ॅम्पमध्ये २-३ मिलिव्होल्टपर्यंत आलात तर पुढचे भाग बदलत बसू नका.

झाकण लावण्यापूर्वी तासभर चालू ठेवा, कारण काही कपॅसिटर आणि चिरलेली सोल्डर गरम झाल्यावरच खोड दाखवतात. मग कागदाच्या एका चिठ्ठीवर तारीख, दोन्ही रेलची व्होल्टेज, प्रत्येक रेलचा रिपल, बायस, आउटपुटवरचे मिलिव्होल्ट आणि काय बदललं ते लिहून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. एका अ‍ॅम्पच्या झाकणाखाली मला अशीच पेन्सिलने लिहिलेली, पिवळी पडलेली चिठ्ठी सापडली होती. तिच्यावर धन रेलचा रिपल २८ मिलिव्होल्ट होता आणि माझा मीटर १९० दाखवत होता. तो अ‍ॅम्प दुरुस्त व्हायला त्या दिवशी वीस मिनिटं लागली.